सिव्हिलच्या आवारातली डीईआयसी

बदलीच्या गावी घर मिळतं, गॅस लागतो, थोरलीचं शाळेचंही जमतं. घोडं अडतं ते धाकट्यापाशी. तीन-साडेतीन वर्षांचा, स्वमग्न. खटपटीने मिळवलेल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या आणि स्पीच थेरपीच्या वेळा जुन्या शहरात राहिलेल्या. आईवडील मग खासगी थेरपी सेंटरांना फोन लावत बसतात. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

हे केंद्र राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो पालघरला सुरू झाला. आरोग्य पथकांनी वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जाऊन मुलं तपासायची, शंका आली की केंद्राकडे पाठवायची, अशी रचना. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची ही तपासणी, आणि तिच्या यादीत स्वमग्नताही आहे. नव्याने आलेल्यांनी मात्र पथकाची वाट पाहू नये. केसपेपर काढावा आणि सरळ जावं.

खरं काम चालतं ते थेरपीच्या खोलीत. जमिनीवर जाड गाद्या, एक झोपाळा, रंगीत कड्यांचा मनोरा. नवा मुलगा कड्या काढून भिंतीलगत ओळीने मांडत असतो. थेरपिस्ट ताई त्याला नाव विचारत नाहीत, ‘इकडे बघ’ म्हणत नाहीत. त्याच्या बाजूला, जरा तिरक्या बसतात आणि एक कडी स्वतःच्या हातात ठेवतात. ओळ अडते. मुलगा थांबतो, ताईंच्या हाताकडे बघतो, मनगट ओढतो. कडी तत्काळ मिळते. पुढच्या वेळी ताई किंचित जास्त थांबतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा खेळ वाटेल, पण मागायला शिकण्याची सुरुवात इथूनच होते. आईला शेजारी बसवून घेतात तेही याचसाठी. आठवड्यातून एखाद्या वेळच्या थेरपीने फार काही होत नाही. हीच युक्ती घरी पोळीच्या तुकड्यावर आणि आंघोळीच्या मगावर रोज चालवावी लागते.

सगळं आलबेल आहे असं नाही. बरेचसे थेरपिस्ट कंत्राटी असतात. माणूस सोडून गेला की जागा रिकामी राहते, आणि एका चेहऱ्याला कसंबसं सरावलेलं मूल पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. ज्या मुलांना बदल सोसत नाही, त्यांच्याच वाट्याला सतत बदलणारी माणसं द्यायची, हा कारभार माझ्या तरी पचनी पडत नाही.

कागदपत्रांचं त्यामानाने सोपं. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, देशभर चालतं, गाव बदललं म्हणून नवं काढावं लागत नाही. ते नसेल तर सरकारी तपासणी ४० मुद्द्यांच्या भारतीय मोजपट्टीवर, ‘इसा’वर होते. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो. तरी कित्येक घरांना तो ठाऊक नसतो.

जुनी फाइल सोबत न्यावी. आणि थेरपी संपल्यावर लगेच रिक्षा पकडू नये. बाहेरच्या बाकावर इतर आया असतात. कुठल्या अंगणवाडीतल्या सेविका समजूतदार आहेत, दातांचे कुठले डॉक्टर घाई करत नाहीत, सोमवारी दुकान बंद असताना मशीन न लावता नुसत्या कात्रीने केस कापून देणारा न्हावी कोण, हे त्यांनाच विचारावं.