सीमा न जाणणारी वनस्पती

उन्हाळ्यात नद्यांचा प्रवाह मंदावला, म्हणजे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पाण्यावर हिरवीगार जलपर्णी पसरलेली दिसते. तिची जांभळी फुले मोठी मोहक असतात. परंतु ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील होय. फुलांच्या सौंदर्याला भुलून माणसांनीच तिला देशोदेशी नेले. जन्मभूमीत तिच्यावर जगणारे किडे असल्यामुळे तिची वाढ मर्यादेत राहते. परक्या भूमीत तिला शत्रू नसल्याने ती अनिर्बंध माजते. अशा जीवांना ‘आक्रमक परकीय प्रजाती’ म्हणतात.

व्हिक्टोरिया हे आफ्रिकेतील सर्वांत मोठे सरोवर. केनिया, युगांडा व टांझानिया या तीन देशांत ते विभागलेले आहे. १९९० च्या सुमारास तेथे जलपर्णी दिसू लागली. रवांडाकडून येणारी कागेरा नदी तिची नवी रोपे सतत आणून टाकीत होती. पाहता पाहता बंदरे झाकली गेली. कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यालाच अडकून पडल्या आणि मासळीवर पोट असलेल्या कुटुंबांचे हाल झाले.

तीरावरील लोकांनी जलपर्णी हातांनी उपसली; परंतु तिचे तरंगते थर वाऱ्यासरशी एका देशाच्या किनाऱ्यावरून दुसऱ्या देशाच्या किनाऱ्याला लागत. त्यामुळे एकट्या देशाचे श्रम व्यर्थ ठरत. अखेर १९९४ मध्ये तिन्ही देशांनी सरोवराच्या रक्षणासाठी करार केला. जलपर्णीच्याच मूळ प्रदेशातील सोंडकिडे, ते पिकांना अपाय करीत नाहीत अशी खात्री करून घेऊन, तिन्ही देशांत सोडण्यात आले. हवामानाचेही साहाय्य झाले आणि काही वर्षांतच जलपर्णी पुष्कळ ओसरली. मात्र तिचे बी चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहते. त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डोके वर काढते.

म्हणून रोग जडल्यावर औषध शोधण्यापेक्षा तो जडूच न देणे श्रेयस्कर. घातक परकीय प्रजातींना आपल्या हद्दीत येऊ देऊ नये, असे १९९२ च्या जैवविविधता करारात राष्ट्रांनी मान्य केले. त्यांच्या शिरकावाचे प्रमाण २०३० पर्यंत निदान निम्म्याने घटविण्याचा संकल्प २०२२ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे करण्यात आला. बंदरांवर व विमानतळांवर परदेशी रोपे आणि बियाणे तपासली जातात, ती याच हेतूने.

नकाशावरील सीमारेषा माणसांनी आखल्या आहेत. वाहत्या पाण्याला त्या ठाऊक नसतात. शेजारच्या तीरावरील जलपर्णी आज ना उद्या आपल्याही तीराला लागते. अशा संकटाचे निवारण शेजाऱ्यांनी मिळूनच करावे लागते.