कमरेच्या उंचीचा वाफा

उतारवयात बागकाम सुटते ते बहुधा गुडघ्यांमुळे. हौस शाबूत असते, माहितीही तरुणांपेक्षा अधिक असते. परंतु जमिनीवर मांडलेल्या कुंड्यांपुढे उकिडवे बसणे आणि पुन्हा उठणे झेपेनासे होते. हळूहळू कुंड्या सुकतात आणि घरातली मंडळी म्हणतात, ‘आता कशाला ती दगदग!’ गच्चीवर भाजी लावताना झाडांच्या आधी माणसाच्या शरीराचा विचार केला, तर ही वेळ पुष्कळ लांबवता येते.

प्रथम उंची. फळवाल्यांकडे असतात तसले प्लास्टिकचे क्रेट भक्कम लोखंडी मांडणीवर ठेवावेत. उभ्याने काम करणाऱ्यास साधारण अडीच फूट उंची सोयीची पडते. खुर्चीत बसून करणाऱ्यास थोडी कमी, आणि खाली गुडघे शिरतील एवढी मोकळी जागा. मांडणी डगमगता कामा नये, कारण तोल गेला की हात आधारासाठी तिच्याकडेच जातो. ती कठड्याला खेटूनही नसावी.

दुसरा प्रश्न वजनाचा. वीस लिटरची बादली ओल्या मातीने भरली की ३० किलोंच्या आसपास जाते. हे ओझे वृद्धांच्या मणक्यांना सोसत नाही, जुन्या इमारतीच्या स्लॅबलाही नाही. या बाबतीत महाराष्ट्राला चांगला वारसा लाभला आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून पालापाचोळ्यापासून सकस माती घडवण्याची रीत लोकांपर्यंत नेली. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे वापरून गच्चीवर भाज्या पिकवल्या. क्रेटमध्ये तळाशी चिपाडे, त्यावर सुका पाला व शेणखत आणि अगदी वर चार बोटे माती मिसळलेले कंपोस्ट, एवढे पुरते. पाला कुजून खाली बसतो, म्हणून अधूनमधून वरून भर घालावी. पाणी बादलीने वाहू नये. गच्चीवर नळ आणि त्याला जोडलेली हलकी नळी असावी.

आरंभ मेथीने करावा. स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरले की तीन-चार आठवड्यांत भाजी हाती येते. उन्हाळ्यात मेथी टिकत नाही. तेव्हा लाल माठ आणि राजगिरा. टोमॅटो, मिरची, वांगे यांना फूटभर खोली व पाच-सहा तास ऊन हवे. कारले, दोडका यांचे मांडव देखणे खरे, पण तोडणीसाठी मान मागे टाकून हात वर करावे लागतात. ज्यांना चक्कर येते त्यांनी हा मोह टाळावा. स्टुलावर तर कोणीच चढू नये. गच्चीवरच्या भाजीने घरखर्च वाचतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात; तो हिशेब आम्हांस फारसा पटत नाही. मात्र सकाळच्या कोवळ्या उन्हात रोज अर्धा तास हातपाय हलतात, आणि दुपारी ‘ही आजींची मेथी’ म्हणून ताटात वाढली जाते, हा लाभ कोणत्याही हिशेबात धरावा असा आहे.

मधुमेहींनी गच्चीवर अनवाणी जाऊ नये. पायांची संवेदना मंदावलेली असली की तापलेल्या फरशीने फोड येतो, तरी कळत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी बसल्या जागेवरून एकदम उठू नये. क्षणभर मांडणी धरून थांबावे. मातीत हात घालताना हातमोजे असावेत आणि धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतलेली असावी. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी ओतून घासाव्यात. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

पिकते म्हणून मनसोक्त खाण्याआधी एक सावधगिरी हवी. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिनसारखे औषध चालू असेल, तर पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू वा घटवू नये. त्यांतील ‘के’ जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पालक आणि टोमॅटो किती खावा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. सगळे काम स्वतः उरकून वृद्धांना केवळ पाहत बसवू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीसही पुदिना खुडून हुंगणे, झारीने पाणी घालणे जमते. मात्र तिला गच्चीवर एकटे सोडू नये आणि फवारणीची बाटली कुलपात ठेवावी. एकाच क्रेटला दिवसातून तीनदा पाणी घातले जाईल. त्यावर रागावण्यापेक्षा झारी लहान घ्यावी. आणि जिना चढणे ज्यांना अशक्य आहे, त्यांच्याकडे धणे द्यावेत. पेरण्यापूर्वी ते हलके रगडून प्रत्येक दाण्याच्या दोन फाकी कराव्या लागतात. हे काम खाटेवर बसूनही होते आणि दहा-बारा दिवसांनी उगवलेल्या कोथिंबिरीचा क्रेट दाखवायला खाली आणता येतो.