उजेडाने गाळ मोजताना

संपादकांना धरणांतल्या गाळावर लेख हवा होता. त्यासाठी पुण्याजवळच्या एका प्रयोगशाळेत गेलो आणि धरणं राहिली बाजूला. आतून काळा रंग दिलेल्या एका पिंपापाशीच माझी दुपार गेली. पिंपात पाणी, तळाशी फिरणारी पाती आणि मधोमध लटकवलेला वीतभर सेन्सर.

नदीत किती गाळ आहे हे आपल्याकडे अजून मुख्यतः बाटलीच ठरवते. केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रांवर पंजाब पद्धतीची बाटली पाण्याच्या खोलीच्या ०.६ अंतरावर उतरवतात. मग जाडा, मध्यम आणि बारीक गाळ वेगवेगळा करतात. पद्धत भरवशाची, पण बाटली भरते दिवसाउजेडी आणि पूर येतो रात्री दोनला. वर्षाचा बहुतेक गाळ तर पुराच्या त्या मोजक्या दिवसांतच निघून जातो. रात्रंदिवस पाण्यात राहून नोंद ठेवणारं काहीतरी हवं होतं. १९८०च्या सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन डाउनिंग आणि सहकाऱ्यांनी असा सेन्सर घडवला. तो इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि कणांवर आपटून मागे फिरलेला तेवढा टिपतो. पाणी इन्फ्रारेड चटकन शोषून घेतं, त्यामुळे सूर्याची ढवळाढवळ फारशी होत नाही.

फक्त, त्याला गाळ कळत नाही. त्याला कळतो उजेड, आणि तो सांगतो व्होल्ट. व्होल्टचे ग्रॅम करायचं काम या पिंपाचं.

‘‘सर, काचेला बोट नको,’’ तिथल्या मॅडम म्हणाल्या. बोटाचा तेलकट ठसासुद्धा आकड्यात उतरतो. त्यांनी नदीकाठचा ओला गाळ चमच्याने पिंपात सोडला. वाळवून कुटलेला का नाही? वाळला की कण एकमेकांना घट्ट धरतात आणि पुन्हा पूर्वीसारखे सुटत नाहीत. पाणी एकसारखं गढूळ झाल्यावर त्यांनी आकडा लिहिला आणि सेन्सरच्या उंचीवरूनच नळीने नमुना ओढला. हा नमुना गाळणकागदातून जाणार, १०५ अंशांवर वाळणार आणि कागदाचं आधीचं वजन वजा करून उरेल तो खरा गाळ. मग पुढचा चमचा. एकेका चमच्याने आलेखावर एकेक ठिपका पडतो. तराजूचा आकडा स्थिर होईपर्यंत मॅडम श्वाससुद्धा बाजूला सोडत होत्या. हे सगळं मला फार आवडलं. पण मग त्यांनी अडचणी सांगायला घेतल्या.

कारखान्यातून सेन्सर येतो तो फॉर्माझिन नावाच्या दुधाळ मिश्रणावर जुळवून. आपल्या नद्यांत दूध वाहत नाही. काळ्या मातीचे कण उजेड गिळतात, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा पांढरा गाळ जास्त आणि काळा गाळ कमी दिसतो. कोकणातली तांबडी माती आणखी तिसरंच काही सांगेल. त्यात कणांचा आकार. उजेड परततो तो कणांच्या पृष्ठभागावरून; म्हणून वजन तेच असताना १० मायक्रॉनचा गाळ १०० मायक्रॉनच्या वाळूच्या साधारण दसपट उजळ दिसतो. पूर चढताना वाळू उचलली गेली की गाळ वाढतो, पण आकडा त्या मानाने वाढत नाही. पिंपात वाळू तरंगती ठेवणंही कठीण. पाती थोडी मंदावली की ती तळाला. आणि पाती जोरात फिरवली तर चिकणमातीचे नदीत सहज जमणारे पुंजके फुटतात, शिवाय हवेचे बुडबुडे गाळाचं सोंग घेतात.

सगळ्यात वाईट म्हणजे पाणी फारच दाट झालं की परतीचा उजेड वाढायचा थांबतो आणि उलट घटू लागतो. बारीक चिखलात हे लिटरमागे साधारण दहा-वीस ग्रॅमच्या पुढे घडतं. एकाच व्होल्टला तेव्हा दोन उत्तरं असतात. नदीत ठेवलेल्या सेन्सरवर शेवाळ चढतं ते वेगळंच. काच पुसणारा छोटा वायपर असतो, पण त्यात काडीकचरा अडकतो.

म्हणून पिंपातला आलेख हा नुसता पाया. खरा आलेख त्याच नदीच्या, त्याच पुराच्या नमुन्यांवरच बसवावा लागतो. मॅडमनी दाखवलेल्या आलेखात डावीकडे, निवळ पाण्याच्या बाजूला, ठिपक्यांची दाटी होती. उजवीकडे जेमतेम तीन. भर पुरात पुलावर उभं राहून बाटली सोडणार कोण? गढूळपणा वाढताच आपोआप नमुना ओढणारे पंप मिळतात. पण त्यांची नळी काठाशी एकाच जागी असते आणि काठाचं पाणी म्हणजे अख्खी नदी नव्हे. तेव्हा त्या पंपाची गाठसुद्धा पुन्हा पुलावरच्या बाटलीशी घालून पाहावी लागते.