अमेरिकेत झालेलं समलिंगी लग्न कोल्हापुरात चालतं का? कायदा काय सांगतो?

समजा, कोल्हापूरचा एक तरुण नोकरीसाठी न्यू जर्सीत राहतो. तिथे त्याने आपल्या जोडीदाराशी रीतसर लग्न केलं, सर्टिफिकेटही मिळालं. सुट्टीत दोघं राजारामपुरीतल्या घरी आले. भारतीय कायद्याच्या नजरेत ते एकमेकांचे कोण? उत्तर सरळ आहे: कोणीच नाही.

असं का?

भारतात समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न निकाली काढला. पण लग्नाचा मुद्दा वेगळा. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात न्यायालय बदल करू शकत नाही, ते काम संसदेचं. परदेशातल्या लग्नांसाठी असलेल्या १९६९ च्या कायद्यातूनही वाट निघाली नाही. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

मात्र ट्रान्सजेंडर व्यक्तीचं स्त्री-पुरुष स्वरूपाचं लग्न सध्याच्या कायद्यांनुसार होऊ शकतं, हे याच निकालात स्पष्ट झालं.

अमेरिकेत राज्य बदललं तर?

तिथे आधी हाच घोळ होता. एका राज्यात बायको-बायको किंवा नवरा-नवरा असलेले लोक शेजारच्या राज्यात गेले की अविवाहित ठरायचे. २६ जून २०१५ च्या निकालाने सगळ्या राज्यांना ही लग्नं मान्य करावी लागली. पुढे हा निकाल फिरला तरी दुसऱ्या राज्यात झालेलं वैध लग्न नाकारता येऊ नये, असा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये झाला.

व्हिसासाठी अमेरिका साधारणपणे बघते, की लग्न जिथे झालं तिथे ते वैध होतं का. त्यामुळे कोल्हापुरात हार घालून, पंगत वाढून लग्न केलं तरी जोडीदाराच्या व्हिसासाठी त्याचा उपयोग नाही.

महाराष्ट्र स्वतंत्र कायदा करू शकतो?

लग्न हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात. राज्याचा कायदा केंद्राच्या विरोधात जात असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. उत्तराखंडने स्वतःचा समान नागरी कायदा केला, पण त्यातही लग्न स्त्री आणि पुरुषाचंच आहे.

कोल्हापूरला हद्दीचा हा प्रश्न नवा नाही. आंतरजातीय लग्नं वैध करणारं विठ्ठलभाई पटेलांचं १९१८ चं विधेयक शाहू महाराजांनी उचलून धरलं. ते मंजूर झालं नाही, तेव्हा १९१९ मध्ये महाराजांनी संस्थानापुरता कायदा केला. हद्दीपलीकडे ब्रिटिश मुलखात मात्र १८७२ च्या कायद्याने लग्न करायचं तर 'आपण हिंदू धर्म मानत नाही' असं लिहून द्यावं लागे. ही अट १९२३ मध्ये सैल झाली. हिंदूंमधली आंतरजातीय लग्नं वैध ठरवणारा केंद्राचा कायदा १९४९ मध्ये आला. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

मग आज हातात काय आहे?

२०२४ मध्ये केंद्राने काही गोष्टी स्पष्ट केल्या. समलिंगी जोडपं संयुक्त बँक खातं उघडू शकतं, एकमेकांना नॉमिनी करू शकतं. रेशनकार्डासाठी ते एकाच घरातले मानावेत, अशी सूचना राज्यांना गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचारांबाबत प्रतिनिधी म्हणून जोडीदाराचं नाव देता येतं.

वारसाहक्क मात्र आपोआप मिळत नाही. मृत्युपत्र नसेल तर वीस वर्षं सोबत राहिलेल्या जोडीदाराला घर सोडावं लागू शकतं. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. त्यामुळे संसद कायदा करेपर्यंत अशा जोडप्यांसाठी लग्नाच्या सर्टिफिकेटपेक्षा दोन साक्षीदारांच्या सह्यांचं मृत्युपत्र जास्त कामाचं आहे.