मुलाचे नाव फुटबॉल लीगमध्ये घालताना

शालेय फुटबॉल स्पर्धेत पहिलाच सामना हरला, की त्या संघातील मुलांचे वर्ष तेथेच संपते. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जाणाऱ्या आपल्याकडील शालेय स्पर्धा प्रामुख्याने बाद पद्धतीच्या आहेत. राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेल्या मुलाला तर वर्षभरात एकदाही चेंडूला पाय लावायला मिळत नाही. लीगचे महत्त्व नेमके येथे आहे. साखळी पद्धतीत या रविवारी चार गोलांनी हरलेला संघ पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात उतरतो आणि लहान मुलाला खेळ शिकण्यासाठी करंडकापेक्षा या पुढच्या रविवाराची गरज अधिक असते.

सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा २०१७ मध्ये भारतात झाली आणि तिचे काही सामने नवी मुंबईतही खेळले गेले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघातून खेळला. तालीम मंडळांच्या सामन्यांना हजारोंनी गर्दी करणाऱ्या कोल्हापूरला फुटबॉलची ओळख करून देण्याची गरज नव्हती. मुंबई-पुण्यातील पालकांची चौकशी मात्र त्यानंतर वाढली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी ‘गोल्डन बेबी लीग’ची योजना आणली. या बालगटांच्या उपक्रमांना पुढे ‘ब्लू कब्स’ हे नाव मिळाले. महाराष्ट्रात फुटबॉलचा कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, आणि तिच्याशी संलग्न जिल्हा संघटना पाहतात. याशिवाय अकादमी, शाळा आणि टर्फचे मालक यांच्या खासगी लीगही आहेत. बाहेरून पाहता या सर्व लीग सारख्याच भासतात; त्यांचे कागद मात्र सारखे नसतात.

जन्मदाखल्यावर नाव आहे का?

नोंदणीसाठी लागणाऱ्या कागदांत सर्वांत महत्त्वाचा जन्मदाखला आणि बहुतेक अडचणीही त्यातच दडलेल्या असतात. रुग्णालयातून जन्माची नोंद महापालिकेकडे जाते, तेव्हा पुष्कळदा मुलाचे बारसे झालेले नसते. दाखल्यावर आई-वडिलांची नावे असतात, मुलाच्या नावाची जागा रिकामी राहते. घरात तो दाखला फाइलमध्ये पडून राहतो आणि बारा वर्षांनी फुटबॉलच्या निमित्ताने बाहेर निघतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मुलाचे नाव जन्मनोंदणीनंतर एक वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येते. त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत ही सोय आहे. लीगची मुदत संपायला आठ दिवस उरले असताना नागरी सुविधा केंद्राच्या रांगेत उभे राहणे टाळायचे असेल, तर हे काम आजच पाहून ठेवावे.

दुसरा घोटाळा नावाच्या क्रमाचा. शाळेच्या नोंदवहीत आडनाव आधी, जन्मदाखल्यात शेवटी, आधार कार्डावर वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर आणि इंग्रजी स्पेलिंग तिन्हीकडे निराळे. संगणकीय नोंदणीत अशी तफावत अडते. एकदा चुकीची नोंद झाली, की ती दुरुस्त करण्यासाठी क्लब, जिल्हा आणि राज्य संघटना असा प्रवास करावा लागतो.

वयोगट १ जानेवारीला ठरतो. २०१७ च्या त्या विश्वचषकासाठी १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेलीच मुले पात्र होती. हा नियम सोपा असला, तरी त्याचा परिणाम सोपा नाही. जानेवारीत जन्मलेले मूल आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच गटात खेळतात. दहाव्या वर्षी हा अकरा महिन्यांचा फरक उंचीत, धावण्यात आणि अंगातील जोरात स्पष्ट दिसतो. निवड चाचणीत मोठे मूल ‘गुणी’ ठरते आणि लहान मूल घरी परतते. वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचे प्रमाण निवडक संघांत अधिक असते, हे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. डिसेंबरच्या मुलाच्या पालकांनी एका चाचणीवरून त्याचे भविष्य ठरवू नये, इतका बोध यातून घेता येईल.

याच्या अगदी उलट प्रकारही चालतो आणि त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. वय कमी दाखवून मुलाला खालच्या गटात खेळवणे ही भारतीय कुमार फुटबॉलची जुनी व्याधी आहे. काही प्रशिक्षक त्याला ‘ॲडजस्टमेंट’ म्हणतात. पंधरा वर्षांचा मुलगा तेरा वर्षांखालील गटात सहज गोल करतो. ज्याला त्याने धक्का देऊन पाडले, तो तेरा वर्षांचा मुलगा मात्र खेळ सोडून देतो. म्हणूनच वरच्या स्तरावर वयाची वैद्यकीय तपासणी होते. भारतीय क्रीडाक्षेत्रात डाव्या मनगटाच्या क्ष-किरण छायाचित्रावरून हाडांची वाढ मोजणारी ‘टीडब्ल्यू-३’ ही पद्धत परिचित आहे. सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी ‘फिफा’ने २००९ पासून मनगटाच्या एमआरआय तपासणीचा अवलंब केला. या चाचण्या हाडांची परिपक्वता सांगतात, जन्मतारीख नव्हे. त्यामुळे लवकर वाढ झालेले प्रामाणिक मूलही कधी अडकू शकते. अशा वेळी जन्मानंतर लगेच झालेली मूळ नोंद हाच त्याचा आधार असतो. नोंदणी जन्मानंतर किती दिवसांनी झाली, हे दाखल्यावर दिसत असते आणि अनुभवी संयोजक ती तारीख आवर्जून पाहतात.

सही कोणत्या कागदावर?

अकादमीत प्रवेश घेणे आणि महासंघाकडे खेळाडू म्हणून नोंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत पालक शुल्क भरतो आणि हवे तेव्हा मुलाला काढून घेतो. दुसरीत क्लब महासंघाच्या केंद्रीय संगणकीय प्रणालीत मुलाची माहिती भरतो आणि त्याला ओळख क्रमांक मिळतो. एका वेळी एकाच क्लबकडून नोंदणी, हे येथील मूलभूत तत्त्व आहे. मित्र गेला म्हणून हंगामाच्या मध्यावर दुसऱ्या क्लबकडे जाणे मग तितके सोपे राहत नाही. जुन्या क्लबने मोकळे करणे आवश्यक ठरते. गठ्ठ्यातला एक कागद म्हणून पालक सही करून मोकळे होतात आणि सहा महिन्यांनी भांडण उभे राहते. सही करण्यापूर्वी दोन प्रश्न पुरेसे आहेत. ही नोंद केवळ या लीगपुरती आहे, की महासंघाकडे जाणार आहे? आणि सोडायचे झाल्यास क्लब लेखी काय देणार?

या नोंदीचा लाभही आहे. खेळाडू पुढे व्यावसायिक झाला, तर ‘फिफा’च्या नियमांनुसार त्याला घडवणाऱ्या क्लबांना मोबदल्याचा हक्क असतो आणि ती मोजणी बाराव्या वाढदिवसाच्या वर्षापासून सुरू होते. पैसे क्लबला मिळतात, पालकांना नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. परंतु लहान क्लबांनी कागद नीट ठेवण्याचे हे मोठे कारण आहे.

दहावी-बारावीला मिळणाऱ्या क्रीडा सवलतीच्या गुणांच्या आशेने खासगी लीगमध्ये नाव घालणाऱ्यांची मात्र निराशा होते. ते गुण शासनाने मान्य केलेल्या स्पर्धांतील कामगिरीवरच मिळतात. टर्फवरील लीगचे रंगीत प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, गुणपत्रिकेत त्याचा उपयोग नाही.

मुलींच्या पालकांनी आणखी एक चौकशी करावी. बालगटांत मुले-मुली एकत्र खेळतात. बाराव्या वर्षानंतर वाटा वेगळ्या होतात आणि त्या वेळी क्लबकडे मुलींचा संघ नसेल, तर चार-पाच वर्षांची मेहनत अडून पडते. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक २०२२ मध्ये भारतात झाला. तरी मोहल्ल्यातल्या मैदानावरचे हे चित्र अद्याप पुरेसे पालटलेले नाही. सामन्यांसाठी बाहेरगावी जाताना सोबत महिला व्यवस्थापक असते का, हेही निःसंकोच विचारावे.

रेषेबाहेरचा आवाज

रविवारी पहाटे वसई-कल्याणहून लोकल पकडून कूपरेज किंवा वांद्र्याच्या मैदानावर मुलाला घेऊन येणाऱ्या पालकांच्या कष्टांविषयी शंका नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांचे नाव वांद्र्यातील टर्फला दिलेले आहे. तेथे येणाऱ्या प्रत्येक मुलाने तीन गोल केलेच पाहिजेत, असा काही पालकांचा आग्रह दिसतो. ‘मार, मार’, ‘पास दे’, ‘रेफ्री आंधळा आहे का’ असा मारा रेषेबाहेरून चाललेला असतो. प्रशिक्षक एक सांगतो, वडील दुसरेच ओरडतात. चेंडू पायात असलेले नऊ वर्षांचे मूल ज्याच्याकडे घरी जायचे आहे त्याचे ऐकते. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २००८ मध्ये ‘रिस्पेक्ट’ मोहीम सुरू केली, तेव्हा प्रेक्षकांना रेषेपासून दूर ठेवण्यावर भर दिला. आपल्याकडे एक दोरी आणि चार खुंट्या एवढ्यानेही पुष्कळ काम होईल.

अमेरिकेत १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील टोरन्स येथे सुरू झालेल्या ‘आयसो’ या बालफुटबॉल संघटनेत प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळवण्याचा नियम आहे. पंच आणि प्रशिक्षक बहुतांशी प्रशिक्षण घेतलेले पालकच असतात. शिट्टी हाती घेतलेला पालक पंचावर ओरडण्यापूर्वी दोनदा विचार करतो. लीग निवडताना ‘माझा मुलगा किती मिनिटे खेळेल?’ हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा, बक्षिसाची रक्कम नंतर.

साहित्याचा बाऊ करू नये. आठ वर्षांपर्यंत तीन क्रमांकाचा, बारापर्यंत चार क्रमांकाचा आणि त्यापुढे पाच क्रमांकाचा चेंडू वापरतात. नडगीचे शिनगार्ड सक्तीचे आहेत. सोन्याची साखळी, कानातील बाळी आणि मनगटावरील गंडा सामन्यापूर्वी काढावा लागतो. वरून चिकटपट्टी लावलेलीही चालत नाही. कृत्रिम टर्फवर लांब स्टडचे बूट पाय मुरगळण्यास निमंत्रण देतात. डोक्याने चेंडू मारण्याबाबत अमेरिकेच्या संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मनाई केली. आपल्याकडील प्रशिक्षकाचे यावर काय मत आहे, ते विचारलेले बरे. डोक्याला मार लागून मूल गोंधळलेले दिसले, तर त्या दिवशी त्याने पुन्हा मैदानात उतरू नये, मग सामना अंतिम का असेना.

मुंबईत फुटबॉल हा पावसातला खेळ आणि चिखलाची मौज कोणी हिरावून घेऊ नये. वीज मात्र वेगळी. गडगडाट ऐकू येताच सामना थांबवून मुलांना पक्क्या छताखाली न्यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे थांबावे, असा संकेत आहे. सामना थांबवण्याचा अधिकार पंचाला आहे; आपल्या मुलाला बाहेर बोलावण्याचा अधिकार पालकाला आहे आणि त्यासाठी संयोजकांच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.