आर्क्टिक विज्ञानातील परिषदा आणि निधी : गैरसमज व वस्तुस्थिती

उत्तर ध्रुवाभोवतीचा आर्क्टिक प्रदेश १९७९ पासून पृथ्वीच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापत आला आहे, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने प्रत्यक्ष नोंदींच्या आधारे दाखवून दिले. आणि त्या तापण्याचा भारतीय पावसाशी काय संबंध असावा, या प्रश्नावर गोव्यातील वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात काम चालू आहे. विषयाचे महत्त्व आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. मात्र या विषयात काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने वा तरुण संशोधकाने आत शिरायचे कोठून, परिषदा कोणत्या, पैसा कोण देतो आणि कोणाला देतो, याविषयी इतके समज-गैरसमज आहेत की, पात्र असलेले अनेक जण अर्जच करत नाहीत आणि जे करतात त्यांतील बरेच जण चुकीच्या दारावर थाप मारतात.

आर्क्टिक हा भोवतालच्या आठ देशांचा मामला असून भारताला तिथे फारसे स्थान नाही, ही समजूत सर्वांत जुनी आहे. कॅनडा, अमेरिका, रशिया, नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड आणि आइसलँड या आठ देशांची आर्क्टिक परिषद १९९६ मध्ये स्थापन झाली हे खरे आहे. परंतु त्या परिषदेत भारत २०१३ पासून निरीक्षक आहे, आंतरराष्ट्रीय आर्क्टिक विज्ञान समितीचा तो २०१२ पासून सदस्य आहे आणि स्वालबार्ड द्वीपसमूहातील नी-ओलेसुंड या वस्तीत ‘हिमाद्री’ हे भारताचे संशोधन केंद्र जुलै २००८ पासून उभे आहे. उत्तर ध्रुवापासून सुमारे १२०० किलोमीटरवरची ही वस्ती एके काळी कोळशाच्या खाणीची होती. १९६२ च्या भीषण दुर्घटनेनंतर खाण बंद पडली आणि पुढे तिथे अनेक देशांची संशोधन केंद्रे आली. या संदर्भात १९२० च्या स्वालबार्ड कराराचा दाखला नेहमी दिला जातो, कारण ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून भारताचे नाव त्या करारात आहे. मात्र त्या कराराने भारताला संशोधनाचा सरसकट हक्क दिला, असे जे सांगितले जाते ते अचूक नव्हे. करारात समान वागणूक मिळते ती प्रामुख्याने वास्तव्य, मासेमारी, शिकार, खाणकाम आणि व्यापार यांबाबत. वैज्ञानिक अभ्यासाच्या अटी ठरवण्यासाठी पुढे वेगळा करार करण्याचा उल्लेख त्यात होता आणि तो करार कधी झालाच नाही. तेव्हा तिथले संशोधन नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखाली आणि नॉर्वेच्या नियमांनुसार चालते, हे गृहीत धरूनच अर्जदाराने नियोजन करावे.

त्याहून अधिक नुकसान करणारा गैरसमज म्हणजे ‘परिषद’ या एकाच शब्दाखाली सगळे मेळावे एकत्र मोजणे. आर्क्टिकविषयक मेळाव्यांचे निदान तीन वेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे. पहिला प्रकार शास्त्रज्ञांच्या कामकाजाचा. आंतरराष्ट्रीय आर्क्टिक विज्ञान समितीच्या पुढाकाराने १९९९ पासून दरवर्षी, बहुधा मार्चच्या सुमारास, ‘आर्क्टिक सायन्स समिट वीक’ हा सप्ताह वेगवेगळ्या शहरांत भरतो; २०२३ मध्ये तो व्हिएन्नात, २०२४ मध्ये एडिंबरात आणि २०२५ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे झाला. या सप्ताहात शोधनिबंध वाचले जातातच, पण त्याचे खरे महत्त्व समितीच्या कार्यगटांच्या बैठकांत आहे. वातावरण, हिमावरण (म्हणजे पृथ्वीवरील बर्फ, हिमनद्या आणि गोठलेली जमीन मिळून होणारा भाग), सागर, भूभाग आणि मानव-समाज अशा पाच विषयांचे हे गट आहेत आणि कोणत्या प्रश्नांवर संयुक्त मोहिमा काढायच्या, कोणत्या कार्यशाळांना पैसा द्यायचा, याची चर्चा तिथे होते. दर दहा वर्षांनी पुढच्या दशकातील संशोधनाचा आराखडा ठरवणारी आणखी एक मोठी परिषद याच चौकटीत भरते. १९९५, २००५ आणि २०१५ नंतरची चौथी परिषद बोल्डरच्या सप्ताहाबरोबर झाली.

दुसरा प्रकार धोरण, व्यापार आणि राजकारण यांच्या सरमिसळीचा. आइसलँडचे माजी राष्ट्राध्यक्ष ओलाफुर रॅग्नार ग्रिमसन यांच्या पुढाकाराने २०१३ पासून रेक्याविक येथे ऑक्टोबरमध्ये भरणारे ‘आर्क्टिक सर्कल’चे अधिवेशन आणि नॉर्वेतील ट्रोम्सो येथे २००७ पासून हिवाळ्यात भरणारे ‘आर्क्टिक फ्रंटियर्स’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. तिथे मंत्री, जहाज कंपन्या, आदिवासी समाजांचे प्रतिनिधी आणि विद्यापीठे एकाच छताखाली भेटतात. पीएच.डी.चा निष्कर्ष तज्ज्ञांच्या कसोटीला लावून घ्यायचा असेल तर ही जागा दुय्यम. आर्क्टिकच्या कायद्यावर, जलवाहतुकीवर किंवा भूराजकारणावर काम करणाऱ्यासाठी मात्र हीच पहिली. तिसरा प्रकार सर्वसाधारण भूविज्ञानाच्या महासभांचा, ज्यांत व्हिएन्नात बहुधा एप्रिलमध्ये भरणारी युरोपीय भूविज्ञान संघाची सभा आणि अमेरिकन भूभौतिकी संघाची डिसेंबरातील सभा येतात. हजारो निबंधांच्या त्या गर्दीत ध्रुवीय विज्ञानाची स्वतंत्र सत्रे असतात आणि नोकरीच्या शोधातील तरुणांना तिथली भित्तिपत्रकांची दालने अधिक उपयोगी पडतात.

संयुक्त राष्ट्रांची वार्षिक हवामान परिषद यांपैकी कशातच बसत नाही. १९९५ पासून दरवर्षी (२०२० चा अपवाद वगळता) होणारी ती सभा मुळात सरकारांमधील वाटाघाटींची आहे. तिथे निबंध पाठवून प्रवेश मिळत नाही, तर मान्यताप्राप्त निरीक्षक संस्थेमार्फत नाव जावे लागते. त्याच धर्तीवर, हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळ, म्हणजे ज्याला सर्वजण आयपीसीसी म्हणून ओळखतात ते, संशोधनाला पैसा पुरवते असाही एक समज आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेले हे मंडळ स्वतः संशोधन करत नाही, प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचे मूल्यमापन करते आणि त्याच्या अहवालांचे लेखक त्या कामासाठी मंडळाकडून वेतन घेत नाहीत. २००७ च्या नोबेल शांतता पारितोषिकाच्या रकमेतून सुरू झालेली, विकसनशील देशांतील पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठीची एक मर्यादित शिष्यवृत्ती योजना एवढाच काय तो पैशाच्या बाबतीतला अपवाद. मात्र अहवालाच्या मसुद्याची समीक्षा करण्यासाठी तज्ज्ञाला स्वतःहून नाव नोंदवता येते, ही संधी भारतात फार कमी वापरली जाते असे दिसते.

निधीविषयीचे गैरसमज अधिक खोलवरचे आहेत. निधी म्हणजे संशोधकाच्या किंवा त्याच्या संस्थेच्या खात्यात जमा होणारी रक्कम, ही सर्वसाधारण कल्पना ध्रुवीय विज्ञानात अर्धवटच लागू पडते. कारण या क्षेत्रात सर्वांत महाग वस्तू तिथे पोहोचणे आणि तिथे सुरक्षित राहणे ही आहे. जहाजावरची जागा, केंद्रातील खोली, बर्फावर चालणारे वाहन, ध्रुवीय अस्वलांपासून संरक्षणाची व्यवस्था आणि तिचे प्रशिक्षण, हेच बहुतेक वेळा अनुदान असते आणि ते रोख स्वरूपात कधीच हाती येत नाही. वास्कोचे केंद्र भारतीय आर्क्टिक मोहिमेसाठी प्रस्ताव मागवते तेव्हा विद्यापीठांना आणि संस्थांना मुख्यतः मोहिमेतील जागा आणि तिथली व्यवस्था मिळते. हा खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या ध्रुवीय विज्ञान व हिमावरण योजनेतून येतो, जी जानेवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ४,७९७ कोटी रुपयांच्या ‘पृथ्वी’ या छत्र-योजनेचा एक भाग आहे. युरोपीय संघाच्या पैशावर चाललेला ‘इंटरॅक्ट’ हा उपक्रम आणि २०२४ मध्ये सुरू झालेला ‘पोलारिन’ हा प्रकल्प याच तत्त्वावर बेतलेले आहेत: प्रस्ताव निवडला गेला की केंद्राची दारे उघडतात. ‘इंटरॅक्ट’मध्ये तर संशोधकाने घरी बसावे आणि केंद्रातील कर्मचाऱ्यांनी त्याच्यासाठी नमुने गोळा करावेत, अशीही सोय होती.

रोख रक्कम जिथे असते तिथे ती संशोधकाच्या नागरिकत्वामागे जात नाही, बहुतांशी त्याच्या संस्थेच्या पत्त्यामागे जाते, हा मुद्दा नीट समजून घेतला तर निम्मी निराशा टळेल. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा ध्रुवीय विभाग किंवा नॉर्वेची संशोधन परिषद यांचा पैसा प्राधान्याने आपापल्या देशातील संस्थांना मिळतो. म्हणून पुण्याच्या किंवा नागपूरच्या प्राध्यापकाने तिथे थेट अर्ज करण्यापेक्षा तिथल्या संस्थेचा भागीदार होणे व्यवहार्य ठरते. २००९ मध्ये स्थापन झालेल्या बेलमाँट फोरमने याच अडचणीवर तोड शोधली आहे. त्यात निदान तीन देशांतील संशोधकांचा गट एकच प्रस्ताव देतो, निवड एकत्र होते, पण प्रत्येक देशातील सहभागी संशोधकांना त्यांच्याच देशाची संस्था पैसा देते, आणि भारताच्या बाजूने ही जबाबदारी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची असते. याच्या उलट, युरोपची मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी पीएच.डी.-उत्तर फेलोशिप कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे. तिच्या अटींचा भर अर्जदार कोणत्या देशाचा आहे यावर नसून, ज्या देशात जायचे तिथे तो अलीकडे किती काळ राहिलेला आहे, यावर असतो.

परिषदेला जाण्याचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो, ही समजूत अंशतः खरी आहे. निबंध स्वीकारला गेल्यानंतर अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे परदेश प्रवासाचे साहाय्य मागता येते. युरोपीय भूविज्ञान संघ आणि आंतरराष्ट्रीय आर्क्टिक विज्ञान समितीही तरुणांना मर्यादित मदत देतात. आणि २००७-०८ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षातून उभी राहिलेली तरुण ध्रुवीय शास्त्रज्ञांची जागतिक संघटना ‘अपेक्स’, जिचे सदस्यत्व विनामूल्य आहे, अशा जागा व कार्यशाळा यांची माहिती सातत्याने देत असते. अडचण बहुधा पैशाच्या आधी वेळेची येते. एप्रिलच्या सभेसाठी सारांश जानेवारीत द्यावा लागतो, स्वीकृती आल्याशिवाय प्रवास-साहाय्याचा अर्ज करता येत नाही, आणि व्हिसाचा कालावधी त्यात धरावा लागतो. म्हणजे जाहिरात वाचून तयारीला लागणारा नेहमीच उशिरा पोहोचतो. व्हिसाबाबत आणखी एक बारकावा असा की, स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर आहे आणि तिथे प्रवेशाला व्हिसा लागत नाही, हे ऐकून हुरळून जाण्यात अर्थ नाही. विमान नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून जाते आणि परतताना पुन्हा त्याच क्षेत्रात यावे लागते, म्हणून भारतीय प्रवाशाला दोन वेळा प्रवेशाची मुभा देणारा शेंगेन व्हिसा घ्यावाच लागतो.

ध्रुवीय विज्ञान म्हणजे हिमनदीशास्त्र, हा समज तर डिसेंबर २०२३ च्या एका उदाहरणानेच मोडतो. भारताच्या पहिल्या हिवाळी आर्क्टिक मोहिमेच्या पहिल्या तुकडीत वास्कोच्या केंद्राबरोबर पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, मंडीची आयआयटी आणि बंगळूरुची रामन संशोधन संस्था यांचे संशोधक होते. आणि रामन संस्था ही खगोलभौतिकीसाठी ओळखली जाते. अतिदुर्बळ रेडिओ संकेत टिपण्यासाठी शांत जागा शोधणाऱ्याला नी-ओलेसुंडचे आकर्षण वाटावे हे साहजिक आहे, कारण तिथे वाय-फाय आणि ब्लूटूथसारखी साधने बंद ठेवण्याचा नियम आहे. कायदा, मानववंशशास्त्र आणि अर्थशास्त्र यांनाही जागा आहे. भारताच्या मार्च २०२२ च्या आर्क्टिक धोरणात सहा स्तंभ असून विज्ञान हा त्यांतला केवळ एक आहे.

प्रत्यक्ष आर्क्टिकला गेल्याशिवाय या विषयात काही करता येत नाही, असे मानणाऱ्यांनी नी-ओलेसुंडलगतच्या कोंग्सफ्योर्डन या खाडीत २०१४ मध्ये सोडलेल्या ‘इंडआर्क’ या भारतीय निरीक्षण यंत्रणेचा विचार करावा. पाण्याखाली नांगरलेली ही यंत्रणा खाडीतील पाण्याचे तापमान, क्षारता आणि प्रवाह यांच्या नोंदी घेत राहते. समुद्रबर्फाच्या उपग्रह-नोंदी १९७९ पासून सलग आणि विनामूल्य उपलब्ध आहेत. वास्कोच्या संशोधकांनी कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि भारतातील हंगामाच्या अखेरीची अतिवृष्टी यांच्यातील संबंध २०२१ मध्ये मांडला, तो मुख्यतः अशाच दीर्घकालीन नोंदींच्या विश्लेषणावर उभा आहे. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेत पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा संशोधक घडवण्याचा प्रशिक्षण कार्यक्रम चालतो आणि जागतिक मान्सून संशोधनाच्या समन्वयाचे कार्यालयही तिथेच आहे. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला आर्क्टिकचा रस्ता पुण्यावरून जातो, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

शेवटी सावधगिरीची एक बाब. ‘हवामान बदलावरील आंतरराष्ट्रीय परिषद’ असे भारदस्त नाव धारण करून, आगाऊ शुल्क घेणाऱ्या आणि दोन दिवसांत कोणताही निबंध स्वीकारणाऱ्या बनावट परिषदांचा सुळसुळाट जगभर आहे. एकाच इमारतीत एकाच दिवशी दंतवैद्यकापासून हिमनद्यांपर्यंत सगळ्या विषयांच्या परिषदा भरत असतील, आयोजक म्हणून कोणत्याही ज्ञात वैज्ञानिक संस्थेचे नाव नसेल, किंवा ज्या शास्त्रज्ञांची नावे समितीत छापली आहेत त्यांच्या स्वतःच्या पानावर त्याचा मागमूस नसेल, तर तिथे पैसे भरू नयेत. संयुक्त राष्ट्रांचे बोधचिन्ह दिसले म्हणून विश्वास ठेवू नये. शंका असल्यास वास्को किंवा पुणे येथील संशोधकाला थेट विचारावे, आणि २०३२-३३ मध्ये होऊ घातलेल्या पाचव्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाची आखणी आत्ताच सुरू असल्याने, ज्यांना त्यात सहभागी व्हायचे आहे त्यांनी अनुदानाच्या जाहिरातीची वाट न पाहता यंदाच आर्क्टिक सप्ताहाच्या एखाद्या कार्यगटाशी संपर्क साधावा.