तोरणाखालचे बार, ब्रॉन्क्सची पार्टी आणि आशाताई

माझा सगळ्यात आवडता रॅप कुठल्याच अ‍ॅपवर सापडत नाही. तो साकोली तालुक्यातल्या एकोडीत पोळ्याला ऐकायला मिळतो. आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली झूल पांघरलेल्या बैलजोड्यांची रांग, आणि गर्दीतून एकजण हात उंचावून झडती सोडतो. यमकाला यमक भिडवत चारपाच ओळींत धानाचा भाव, खताची टंचाई, पुढाऱ्यांची आश्वासनं सगळ्यांचा समाचार घेतो आणि 'हर हर महादेव'चा गजर होतो. गजर विरायच्या आत पलीकडून दुसऱ्याचं उत्तर! रॅपर मंडळी गोल करून आळीपाळीने बार, म्हणजे रॅपच्या ओळी, टाकतात, त्याला सायफर म्हणतात. साकोली तालुक्यात या सायफरला बीट लागत नाही, बैलांच्या घुंगुरमाळा पुरतात.

रॅप ज्यातला, त्या हिपहॉपचा वाढदिवस 11 ऑगस्ट 1973. स्थळ न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स भाग, 1520 सेजविक अ‍ॅव्हेन्यू. सिंडी कॅम्बेलला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने तिकीट लावून पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलांना 50. गाणी लावायला थोरला भाऊ, डीजे कूल हर्क. गाण्यात नुसता ताल वाजतो त्या तुकड्यावर पोरं पेटतात, हे त्याने हेरलं होतं. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा लांबवत राहायचा. त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात, त्यावर नाचतात ते ब्रेकर. 2024 मध्ये हा नाच थेट पॅरिस ऑलिंपिकला पोचला आणि महिलांचं सुवर्ण जपानच्या अमीने नेलं.

आता मंगेशकरांच्या घरची गोष्ट. ब्लॅक आइड पीज या अमेरिकन गटाच्या 2005 मधल्या 'डोन्ट फंक विथ माय हार्ट'मध्ये 'डॉन'मधलं 'ये मेरा दिल' मिसळलंय. त्या गाण्याला रॅपचं ग्रॅमी मिळालं. आशाताईंच्या गाण्याचा त्यात वाटा आहे याचा मला भारी अभिमान वाटतो. लतादीदींचं 'थोडा रेशम लगता है' त्याआधीच, 2002 मध्ये, गायिका ट्रुथ हर्ट्सच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह'मध्ये वाजलं होतं, तेही न विचारता. मूळ गाण्याचे संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव द्या, नाहीतर विक्री थांबवा, असं अमेरिकेतल्या कोर्टाने बजावलं. बरं झालं!

आपल्याकडचे रॅपरही कमी नाहीत. मुंबईतल्या कुर्ल्याच्या नेझीने 'आफत' हे गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं, व्हिडिओही त्यावरच. स्टुडिओ नाही म्हणून अडून बसलेल्या प्रत्येक पोराला मी हे सांगतो.

विदर्भातला माझा लाडका अमरावतीचा सौरभ अभ्यंकर. त्याचं रॅपचं नाव 100आरबीएच. शंभराचा आकडा हिंदीत वाचा, पुढची अक्षरं जोडा, सौरभ तयार! वऱ्हाडी घेऊन तो 2023 मध्ये 'एमटीव्ही हसल' या रॅपच्या टीव्ही स्पर्धेच्या मंचावर गेला, आणि ती बोली तिथे तसूभरही बुजली नाही.

मुंबईच्या स्वदेसी गटाचं 2019 मधलं 'द वारली रिव्होल्ट'ही माझ्या यादीत वरच आहे. आरेच्या जंगलात राहणारे प्रकाश भोईर त्यात गातात. जंगल ज्यांचं, आवाज त्यांचा, म्हणून ते भिडतं. 

आता पाळी आमच्या झाडीबोलीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या भागाच्या बोलीची. हिच्यात ळ चा र होतो, ण चा न. जिभेला अडखळायला जागाच नाही, वेगाने बोलायला फर्मास. कलेचा वारसा म्हणाल तर दंडार आहे, खडी गंमत आहे, आणि झाडीपट्टी रंगभूमीचे परशुराम खुणे 2023 चे पद्मश्री आहेत. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दंडार दिवसा आटोपते, नाटक रात्री उशिरा उभं राहतं. मधले काही तास माइक मोकळाच असतो. पोरांनो, घ्या हातात!